शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार? झोन, आराखडा आणि व्यापारी बांधकामाच्या परवानग्या : नवख्यांसाठी

मोकळ्या प्लॉटला निळे पत्रे लागतात, जेसीबी येतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, "इथे मॉल होतोय का? याला परवानगी दिली कुणी?" तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्या जागेवर दुकानं, कार्यालयं, हॉटेल चालतील की नाही, हे पत्रे लागण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. कधी ते नकाशावर रंग भरताना ठरतं, कधी नियमावलीतल्या एखाद्या ओळीने.

अमेरिकेतल्या गावांमध्ये एखादं मोठं दुकान यायचं असलं तर स्थानिक प्लॅनिंग बोर्ड जाहीर सुनावणी घेतं आणि शेजारपाजारचे लोक तिथे जाऊन बोलतात. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून हे ऐकून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही तसंच असणार. तसं नाही. महाराष्ट्रात लोकांना बोलायची कायदेशीर संधी मिळते ती विकास आराखडा (गावातली कोणती जागा कशासाठी, ते ठरवणारा नकाशा) बनताना किंवा तो बदलताना. मंजूर आराखड्यात आणि नियमांत बसणाऱ्या इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्याला सहसा कुणी साधी नोटीसही पाठवत नाही, कारण त्या टप्प्यावरचं काम नियमांशी नकाशा ताडून बघण्याचं असतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : आपलं प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा आणि त्या टप्प्याला शोभेल तेवढंच मागा.

आधी मालक कोण ते नव्हे, प्राधिकरण कोणतं ते शोधा

लोक आधी बिल्डर कोण याचा छडा लावायला धावतात. ते नंतर. पहिला प्रश्न असा की या जागेचं नियोजन प्राधिकरण कोण? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (सगळे याला एमआरटीपी म्हणतात) हा मूळ कायदा. त्यानुसार शहरात महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत हे प्राधिकरण असतं. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, काही पट्ट्यांत सिडको किंवा एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ), महानगरांच्या भोवतालच्या गावांत पुण्याचं पीएमआरडीए, नागपूरचं एनएमआरडीए यांसारखी प्राधिकरणं. यांपैकी कुणीच नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि तिथली नगररचना शाखा.

शहराच्या कडेला हा घोळ फार होतो. पाण्याची पट्टी ग्रामपंचायत घेते, म्हणून बांधकामाची परवानगीही तीच देते असं लोक धरून चालतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. कुणी तो दाखला दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणालं, तर सावध व्हा.

नियमावली कोणती लागू आहे तेही याच वेळी बघून घ्या. २ डिसेंबर २०२० ला राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तिलाच सगळे यूडीसीपीआर म्हणतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला ती लागू आहे. वगळलेल्या भागांत बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसी क्षेत्र, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा पट्टा), जेएनपीटी (न्हावाशेवा बंदराचं क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं येतात. मुंबईत डीसीपीआर २०३४ ही तिची स्वतंत्र नियमावली चालते. खालचं विवेचन मुंबईबाहेरच्या वाचकासाठी आहे. मुंबईतही मूळ कायदा तोच, नियमांचे तपशील मात्र वेगळे.

जागेचा नंबर, भाग नकाशा, झोन दाखला

"देवळाच्या मागचा प्लॉट" असं सांगून कुठल्याही कार्यालयात काम होत नाही. सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हवा, हिस्सा नंबरसकट. सातबारा आणि मिळकत पत्रिका ऑनलाइन बघता येतात, पण नेमकी कोणती जागा कोणत्या नंबरात येते ते कळण्यासाठी गावनकाशा किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा समोर ठेवावा लागतो. जुन्या गावठाणाच्या आसपास दोन नंबरांची हद्द एखाद्या कुंपणाच्या मधूनच गेलेली असू शकते.

नंबर हाती आला की नगररचना विभागात दोन कागदांसाठी अर्ज करा. एक, भाग नकाशा, म्हणजे विकास आराखड्यातला त्या जागेपुरता तुकडा. दुसरा, झोन दाखला, म्हणजे ती जागा कोणत्या विभागात (झोनमध्ये) आहे, तिच्यावर आरक्षण आहे का (म्हणजे मैदान, बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी ती राखलेली आहे का), रस्ता जातो का हे सांगणारं पत्र. यासाठी जागेचा मालक असावं लागत नाही. कुठे खिडकीवर मालकाचं संमतीपत्र मागितलंच, तर ते कोणत्या नियमाखाली लागतं ते लेखी द्यायला सांगा. या सेवा किती दिवसांत मिळायच्या ते लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरवून दिलेलं असतं आणि त्याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. अर्जात त्या अधिनियमाचा उल्लेख केला तर काम जरा लवकर हलतं.

नकाशा बघताना रंगांना भुलू नका. सहसा निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा आणि शेती किंवा ना-विकास हिरव्या छटेत असतो. एजंटांच्या तोंडी "यलो झोन", "ग्रीन झोन" येतं ते यावरूनच. पण प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात स्वतःची सूची असते आणि शेवटी तीच खरी. फोनवर आलेला, चार वेळा फॉरवर्ड झालेला डीपीचा (विकास आराखड्याचा) स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. त्यात पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक कळत नाही, आणि तो मसुदा होता की मंजूर आराखडा तेही कळत नाही. मंजूर आराखड्याच्या अधिसूचनेत काही भाग 'वगळलेला' म्हणून मागे ठेवलेला असतो आणि त्यावरचा निर्णय पुढे स्वतंत्रपणे येतो. तुमची जागा त्या भागात आहे का, हे कर्मचाऱ्याला मुद्दाम विचारा.

पिवळा रंग म्हणजे फक्त घरं नव्हेत

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. "आमचा निवासी झोन आहे, इथे दुकानं कशी आली?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की निवासी झोनमध्ये ती चालतातच.

यूडीसीपीआरमध्ये निवासी विभागाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२. कोणता प्रकार लागू होईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीच्या जुन्या भागात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल आणि बाहेरच्या भागात १२ मीटरपेक्षा कमी असेल, तर आर-१. त्याहून रुंद रस्त्यावर आर-२. आर-१ मध्ये रोजच्या गरजेची दुकानं, दवाखाना, छोटी कार्यालयं असे मर्यादित वापर चालतात. आर-२ मध्ये ही यादी बरीच लांबते. म्हणजे रस्ता १२ मीटरचा झाला की त्याच पिवळ्या प्लॉटवर पूर्णपणे व्यापारी इमारतीचा विचार होऊ शकतो. झोन बदलावा लागत नाही, जाहीर सूचना निघत नाही, कुणाची हरकत मागवली जात नाही.

त्यामुळे "इथे काय येऊ शकतं?" याचं उत्तर शोधताना झोनइतकीच रस्त्याची रुंदी बघा. ती आराखड्यात किती आहे आणि जागेवर किती, असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. आराखड्यात १८ मीटर दाखवलेला डीपी रस्ता जागेवर अजून जेमतेम एक ट्रक जाईल एवढाच असतो, हे चित्र कुठल्याही वाढत्या शहरात दिसेल. कागदावरची रुंदी धरून परवानगीचा विचार होतो आणि गाड्या मात्र जागेवरच्या रुंदीत अडकतात. रस्ता रुंदीकरणाचा ठराव कुठे चालला आहे यावर नजर ठेवा असं मी म्हणतो ते यासाठीच. तो ठराव वाहतुकीसाठी म्हणून येतो आणि जाताजाता दोन्ही बाजूंच्या प्लॉटांचे वापर आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) बदलून जातो.

हिरव्या रंगाचंही तसंच आहे. शेती विभागात काहीच बांधता येत नाही असं नाही. अटींसह पेट्रोल पंप, लॉनसह मंगल कार्यालय असे वापर तिथे अनुज्ञेय आहेत. लग्नसराईत रात्री डीजे वाजायला लागल्यावर "शेतीच्या जागेत हे कसं?" म्हणून तक्रार करणाऱ्यांना उत्तर मिळतं, नियमात आहे. मग तक्रार आवाजाची, पार्किंगची, अटी मोडल्याची करावी लागते. झोनचा मुद्दा तिथे टिकत नाही.

आणखी एक तपासणी. ज्या मोकळ्या जागेवर बांधकाम दिसतंय ती मोठ्या अभिन्यासातली (लेआउटमधली) खुली जागा तर नाही ना? ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती विकासकाच्या पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली जमीन नसते. मूळ मंजूर अभिन्यासाची प्रत मिळवून बघा. विक्री माहितीपत्रकातला रंगीत नकाशा इथे कामाचा नाही.

बदल चालू आहे का? कलम ३७ ओळखा

झोन आणि रस्ता दोन्ही बघून कळलं की त्या जागेवर व्यापारी वापर आज चालत नाही, तर आता एकच शक्यता उरते. कुणीतरी तो चालावा म्हणून आराखडाच बदलून घेत असेल.

कायद्यानुसार संपूर्ण विकास आराखड्याचा फेरविचार २० वर्षांतून किमान एकदा व्हायचा असतो (कलम ३८). प्रत्यक्षात तो लांबतो. मधल्या काळात एखाद्या जागेपुरता बदल करायचा असेल तर कलम ३७ वापरतात आणि त्याला 'फेरबदल' म्हणतात. मैदानाचं आरक्षण उठवून जागा निवासी करणं, औद्योगिक जागा वाणिज्य करणं, आखलेला रस्ता सरकवणं हे सगळं या वाटेने होतं. शहराबाहेरच्या भागासाठी असलेल्या प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात हेच काम कलम २० खाली चालतं.

कलम ३७ चा क्रम असा. महापालिका किंवा नगरपरिषद ठराव करते. शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते. सूचनेच्या तारखेपासून एका महिन्यात हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नोटीस आणि सुनावणी दिली जाते. मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो आणि अंतिम मंजुरी नगरविकास विभागाची. कलमाने घातलेली एक अट महत्त्वाची आहे : बदल असा हवा की त्याने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलू नये. हरकतीत हा मुद्दा क्वचितच कुणी घेतो, आणि घ्यायला हवा. काही वेळा शासन स्वतःहूनही असा फेरबदल सुरू करतं. तेव्हा हरकत पालिकेकडे नाही, तर सूचनेत नाव दिलेल्या नगररचनेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. चुकीच्या टेबलावर दिलेली हरकत वेळेत पोचली नाही तर ती गेलीच.

ही सूचना नेमकी दिसते कुठे? वर्तमानपत्रात 'जाहीर सूचना'च्या रकान्यात, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मध्ये, बारीक टायपात. तिच्यात "फेरबदल", "कलम ३७ (१)", "स. नं. … पै. क्षेत्र … या आरक्षणातून वगळून" अशी भाषा असते. गावाचं नाव असतं, पण कॉलनीचं, चौकाचं, देवळाचं नाव कुठेच नसतं. म्हणून तर सर्व्हे नंबर पाठ पाहिजे. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त काकांना रोज हे पान वाचायचं काम दिलं, तर कुठल्याही ॲपपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. त्यांच्या हातात आसपासच्या नंबरांची एक चिठ्ठी देऊन ठेवा. पालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिकाही बघत जा. ठराव आधी तिथे येतो, जाहीर सूचना नंतर निघते. पालिकेवर प्रशासक असेल तर हे ठराव सभागृहातल्या चर्चेविनाच होतात, आणि त्या काळात जाहीर सूचनांकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं.

पूर्ण नवा आराखडा येत असेल तर वाट जरा वेगळी. कलम २६ खाली मसुदा प्रसिद्ध होतो, नकाशे बघायला ठेवले जातात, त्यांच्या प्रती विकत मिळतात आणि मुदत सूचनेतच छापलेली असते. सुनावणी नियोजन समितीसमोर होते. तिच्यात स्थायी समितीतले सदस्य आणि बाहेरून नेमलेले जाणकार असतात.

हरकत लिहिताना

कुणीतरी टाइप केलेल्या एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स, खाली वेगवेगळ्या सह्या. हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याने संख्या दिसते हे खरं. पण सुनावणी घेणारा अधिकारी तो एकच मुद्दा म्हणून लिहून घेतो. पाच घरांनी पाच वेगवेगळ्या, मोजून-मापून लिहिलेल्या हरकती दिल्या तर त्याला पाच उत्तरं द्यावी लागतात.

काय चालत नाही ते आधी. "आमच्या फ्लॅटची किंमत पडेल", "माझ्या दुकानाचा धंदा बसेल", "त्या बिल्डरचा इतिहास वाईट आहे" हे नियोजनाचे मुद्दे नाहीत. "संस्कृती बिघडेल" हाही नाही. चालतं ते हे : रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, चौकापासून प्रवेशद्वाराचं अंतर, पार्किंग, नाला आणि पावसाचं पाणी, पाणीपुरवठ्याची आजची स्थिती, जवळची शाळा किंवा रुग्णालय, आरक्षण गेल्यावर त्या भागात मैदान-बाग किती उरते. आणि मूळ आराखड्याच्या अहवालात त्या आरक्षणाची गरज कशी मांडली होती ते. हा अहवाल नकाशासोबतच असतो, पण फारसं कुणी उघडत नाही. त्यातलं प्राधिकरणाचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवण्याइतका पक्का मुद्दा दुसरा नाही.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो. मैदानाचं आरक्षण उठवून जागा वाणिज्य करण्याच्या प्रस्तावावर तो असा लिहिता येईल :

"दि. … रोजी प्रसिद्ध झालेल्या सूचनेतील स. नं. … पैकी … चौ. मी. क्षेत्र 'खेळाचे मैदान' या आरक्षणातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करण्यास माझी हरकत आहे. (१) या क्षेत्रास लागून असलेला रस्ता मंजूर आराखड्यात १५ मी. आहे, जागेवर त्याची रुंदी ८ मी. आहे. तीन ठिकाणी मोजमाप करून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. (२) या प्रभागात मैदानासाठी आरक्षित अन्य जागा स. नं. … ही एकच असून तिचा ताबा अद्याप प्राधिकरणाकडे आलेला नाही. (३) विकास आराखड्याच्या अहवालात पृष्ठ … वर या विभागात मैदानांची तूट असल्याचे नमूद आहे. सबब प्रस्ताव रद्द करावा. तो मंजूर करायचा झाल्यास पर्यायी मैदानाची जागा आधी ताब्यात घेण्याची व वाहनांचा प्रवेश … बाजूच्या रस्त्यावरून ठेवण्याची अट घालावी. मला सुनावणीची संधी मिळावी."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. सुनावणी लेखी मागून ठेवली असेल तर ती न देता प्रस्ताव पुढे पाठवणं प्राधिकरणाला अवघड जातं. पर्यायी अटीबद्दल लोक मात्र बिचकतात. "अट मागितली म्हणजे आम्ही मान्यता दिली असं होईल ना?" होत नाही, आधी नकार लिहा आणि मग "झाल्यास" लिहा. माझ्या मते हरकतीतला सगळ्यात उपयोगी भाग बऱ्याचदा हीच अट असते, कारण सरसकट 'नको'पेक्षा 'हे करून द्या' हे अधिकाऱ्याला शासनाला पाठवायच्या अहवालात उचलून घेता येतं.

हरकत आवक विभागात द्या आणि प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ईमेलची सोय असली तरी पोच असलेला कागद हाती ठेवा.

हरकतींनी काही होतं का, असं कुणी विचारलं तर मुंबईचं उदाहरण आहे. २०३४ सालापर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली आला. त्यातले रस्ते, जमिनीचे वापर, वारसा वास्तू यांच्या नोंदींतल्या चुका लोकांनी आणि संस्थांनी वॉर्डावॉर्डात शोधून हरकतींत मांडल्या. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवला आणि २०१६ साली नवा मसुदा काढावा लागला. तिथे घोषणांपेक्षा जागेवर जाऊन ताडून बघितलेले तपशील कामाला आले. अर्थात एका सर्व्हे नंबराच्या फेरबदलाला एवढी हवा मिळत नाही, तिथे तुमचे तुम्हीच.

सुनावणीत

पाच मिनिटं मिळतील असं धरा, दहा मिळाली तर बोनस. आधी दिलेलीच हरकत वाचून दाखवू नका, ती त्यांच्यासमोर असते. एक नकाशा, दोन फोटो, तीन वाक्यं. बोलून झालं की त्याचा एक पानी लेखी सारांश तिथेच द्या आणि पोच घ्या, कारण इतिवृत्तात तुमचं म्हणणं "अर्जदाराने विरोध दर्शविला" एवढंच उतरू शकतं. नगरसेवक सोबत आले तर चांगलं, पण त्यांना तुमच्या ऐवजी बोलू देऊ नका. ज्या ठरावावर तुम्ही हरकत घेताय त्याला त्यांनीच हात वर केलेला असू शकतो.

परवानगी आधीच मिळाली असेल तर

आता मागणी बदलते. इथे "का दिली?" विचारून काही हाती लागत नाही, "कशाच्या आधारावर दिली?" हे बघायचं.

सुरुवात जागेवरच्या फलकापासून करा. काम चालू असलेल्या जागेवर दर्शनी फलक लावणं नियमाने बंधनकारक आहे. त्यावर मालक आणि वास्तुविशारदाचं नाव, सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक आणि तारीख, मंजूर एफएसआय आणि मंजूर नकाशे कुठे बघायला मिळतील तो पत्ता असायला हवा. फलक नसेल किंवा कुंपणाच्या आत तोंड करून लावला असेल, तर पहिली लेखी तक्रार तीच. साधी असते आणि लगेच सिद्ध होते.

परवानगी क्रमांक मिळाला की माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर नकाशा, परवानगीचं पत्र अटींसह, पार्किंगचा तक्ता, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, रस्त्याची रुंदी कशी धरली ती टिप्पणी एवढं नावानिशी मागा. त्यासोबत नस्तीची (कार्यालयातल्या मूळ फाइलची) प्रत्यक्ष पाहणीही मागा. नस्तीतल्या शेरे-टिपण्या वाचल्यावर प्रकरण जेवढं कळतं तेवढं सुट्या झेरॉक्समधून कळत नाही.

एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरणीय मंजुरी लागते आणि तिची कागदपत्रं केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर बघता येतात. झाडं तोडायची असतील तर शहरी भागात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार नोटीस थेट झाडाच्या बुंध्यावर लावतात आणि हरकतीला जेमतेम सात दिवस मिळतात. फिरायला जाताना बुंध्यावरचे कागद वाचत जा. बांधकामाच्या टप्प्यावर शेजाऱ्याला आधी कळवण्याची जी थोडीशी सोय आहे त्यातली ही एक.

परवानगी मिळवताना खोटी माहिती दिलेली आढळली, म्हणजे मंजूर नकाशात १२ मीटर रस्ता दाखवला आणि तसा रस्ता आराखड्यातही नाही अशा प्रकरणात, आयुक्तांकडे परवानगी रद्द करण्याची मागणी करा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ मध्ये तो अधिकार आहे. मंजूर नकाशा सोडून बांधकाम चाललं असेल तर एमआरटीपीच्या कलम ५३ खाली नोटीस बजावण्याची मागणी करा. दोन्ही वेळा अर्जात कलम लिहा, मंजूर नकाशाची प्रत जोडा आणि फरक लाल पेनाने दाखवा.

कलम ४७ चं अपील तुमच्यासाठी नाही. ज्याने परवानगी मागितली त्याला नकार मिळाला किंवा अट जाचक वाटली, तर तो ४० दिवसांत शासनाकडे अपील करू शकतो. शेजाऱ्याला तो मार्ग नाही, त्याच्यासाठी पुढची पायरी उच्च न्यायालय. "तुमचा संबंध काय?" हा प्रश्न तिथे निघाला तर बंगळूरचं एक प्रकरण वकिलांना आठवतंच. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्तीतल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे असं सांगून ते वाटप टिकू दिलं नाही. पण न्यायालयात वेळेला फार किंमत आहे. चार मजले उभे राहीपर्यंत गप्प बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो उशिराचा. त्यामुळे पोचपावत्यांची फाइल पहिल्या दिवसापासून तारीखवार लावा.

जागा घेऊन व्यवसाय करणाऱ्यांसाठी, थोडक्यात

हेच सगळं उलट्या बाजूने वाचा. विसार देण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या प्रतीवर विसंबू नका. "झोन चेंज होणारच आहे, फाइल मंत्रालयात आहे" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. फाइल मंत्रालयात वर्षानुवर्षं असू शकते आणि तिथून नामंजूर होऊनही परत येते. आरक्षण असलेली जागा स्वस्तात मिळत असेल तर कलम १२७ समजून घ्या. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. या कलमावर न्यायालयांत इतका कीस पडला आहे की वकिलाशिवाय त्यात उतरू नये.

अर्ज केल्यावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे, पण ती नियमात बसणाऱ्या प्रस्तावापुरती. तिच्या जोरावर पाया खणायला घेऊ नका, आधी लेखी विचारा. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते आणि दरवर्षी वाढवून घेतली तर एकूण चार वर्षांपर्यंत. त्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर पुन्हा अर्ज करावा लागतो आणि तेव्हा जी नियमावली असेल ती लागू होते.

गाळा विकत किंवा भाड्याने घेताना भोगवटा प्रमाणपत्र बघा आणि त्यावरचा मंजूर वापर शब्दशः वाचा. तळमजल्यावर 'पार्किंग' लिहिलेल्या जागेत शटर लावून दुकान थाटलेलं असेल, तर कारवाई झाल्यावर नोटीस गाळाधारकाच्याही नावाने येते. मंजूर नकाशात त्या जागेवर काय लिहिलंय ते बघायला नगररचना विभागात एक फेरी पुरते.